मॅग्नेटचा बाण कुठे बघतोय?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मोटरचं सिम्युलेशन करताना मॅग्नेटची डायरेक्शन सेट करायची म्हणजे एका चौकोनात एक अँगल टाकायचा असतो, बस. तेवढ्या एका अँगलपायी मी आणि माझ्या मित्राने मिळून दोन महिने घालवले, एक प्रोटोटाइप वाया घालवला, आणि वाइंडिंग करणाऱ्या बिचाऱ्या माणसाला विनाकारण शिव्या घातल्या.

झालं असं की मित्राचं सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत छोटंसं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, बाकी जुगाड. तो पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपांची दुरुस्ती करतो. त्या पंपातल्या ब्रशवाल्या मोटरा सीझनला ढिगाने येतात, ब्रश घासलेले, कम्युटेटर काळा पडलेला, आत औषधाचं पाणी गेलेलं. तर याच्या डोक्यात आलं की आपणच एक छोटी १२ व्होल्टची बीएलडीसी (ब्रश नसलेली मोटर) बनवू, ब्रशच नको. मी पुण्यात नोकरी करतो, मेकॅनिकल डिझाइनचं काम, मोटर हा माझा विषय नाही पण फोनवर त्याने विचारलं "तुला ते कॉम्प्युटरवर मॅग्नेटचं चित्र काढता येतं ना?" आणि मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातंय.

मोटर साधी ठरवली. आत रोटर (फिरणारा भाग), त्यावर फेराइटचे ४ आर्क, म्हणजे कमानीसारखे मॅग्नेट, म्हणजे ४ पोल, बाहेर ६ स्लॉटचा स्टेटर (स्थिर भाग, ज्याच्या दातांवर कॉइल गुंडाळतात). रोटरचा बाहेरचा व्यास ३० मिमी, मॅग्नेट ४ मिमी जाड, एकेक मॅग्नेट ८० अंशाचा, एअरगॅप, म्हणजे रोटर-स्टेटरमधली फट, अर्धा मिमी. फेराइट यासाठी की स्वस्त, गंजत नाही, आणि निओडिमियम या ताकदवान रेअर अर्थ मॅग्नेटचं २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही रेअर अर्थवर एक्स्पोर्टचे निर्बंध घातल्यापासून जे काय चाललंय ते बघता छोट्या माणसाने त्या भानगडीत पडू नये असं माझं मत. फेराइटचा रेमनन्स, म्हणजे त्यात उरणारं स्वतःचं फील्ड, साधारण ०.४ टेस्ला (टेस्ला हे फील्ड मोजायचं एकक). कागदावर गणित केलं तर गॅपमध्ये ०.३५ टेस्लाच्या आसपास मिळायला हवं होतं. पंपाला तेवढं पुरे.

सॉफ्टवेअर म्हणजे फेम (FEMM), चुंबकीय फील्डचं गणित करणारं. डेव्हिड मीकर यांनी लिहिलेलं, फुकट, टू-डी, दिसायला विंडोज ९८ च्या काळातलं, पण काम चोख. त्यात ड्रॉइंग काढायचं, प्रत्येक बंद जागेत एक ठिपका टाकायचा, त्या ठिपक्याला मटेरियल द्यायचं. मॅग्नेटचं मटेरियल दिलं की मॅग्नेटायझेशन डायरेक्शनचा चौकोन भरायचा. तिथे ० असतं. मी तो चौकोन बघितलाच नाही. लायब्ररीतून सिरॅमिक ८ (फेराइटची एक ग्रेड) उचललं, चारही आर्कमध्ये टाकलं, रन केलं.

चित्र काय सुंदर आलं म्हणून सांगू. निळा, हिरवा, पिवळा, गुलाबी, फ्लक्सच्या (चुंबकीय फील्डच्या) रेषा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर. मी स्क्रीनशॉट काढून मित्राला पाठवला पण, त्याने अंगठा दाखवला. मग कॉइलचं फ्लक्स लिंकेज, म्हणजे कॉइलमधून एकूण किती फ्लक्स जातोय ते, काढलं तर शून्य. शून्य म्हणजे अगदी शून्य, दशांशाच्या कितव्यातरी घरात काहीतरी कचरा. रोटर थोडा फिरवला, परत शून्य. मला वाटलं टर्न्स (कॉइलचे वेढे) टाकायचे राहिले. टर्न्स होते.

आता कळतंय की ते शून्यच यायला हवं होतं. फेममध्ये अँगल एक्स-अक्षापासून, घड्याळाच्या उलट दिशेने, अंशात मोजतात, म्हणजे ० म्हटलं की बाण उजवीकडे. माझे चारही मॅग्नेट, कुठेही बसलेले असोत, उजवीकडे बघत होते. परेडला उभे केल्यासारखे. म्हणजे रोटर ४ पोलचा नव्हताच, सगळा मिळून एकच मोठा २ पोलचा मॅग्नेट झाला होता. आणि ६ स्लॉट ४ पोलमध्ये एका फेजच्या (तीन कॉइल-गटांपैकी एका गटाच्या) दोन कॉइल समोरासमोरच्या दातांवर असतात, एकाच दिशेने गुंडाळलेल्या, कारण ४ पोलमध्ये समोरासमोर सारखाच पोल येतो. २ पोलच्या रोटरमध्ये समोरासमोर उलटे पोल येणार, एक कॉइल अधिक, दुसरी वजा, बेरीज शून्य. सॉफ्टवेअर बरोबर होतं, मी जे सांगितलं त्याचं उत्तर त्याने इमानदारीत दिलं होतं. ती डिफॉल्टची गंमत फक्त फेमची नाही बरं का, अँसिस मॅक्सवेल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एनडीएफई३५ सारखं तयार मटेरियल घेतलं तर त्यातही एक्स घटक १ आणि वाय-झेड ० असंच येतं. नवीन माणसाची पहिली मोटर बहुधा उजवीकडेच बघते.

बरं चूक कळली. मग मी शहाणपणा करून मॅग्नेट जिथे बसलेत ते अँगल टाकले, ४५, १३५, २२५, ३१५. किती नीटनेटकं दिसतं ना. रन केलं तर गॅपमध्ये फील्ड मरतुकडं, रेषा बिचाऱ्या मॅग्नेटमधून निघतायत आणि शेजारच्या दोन मॅग्नेटच्या फटीतून कशाबशा आत परत येतायत. कारण मी चारही मॅग्नेटचं नॉर्थ बाहेर केलं होतं. निघालेल्या रेषेला परत तर यायलाच लागतं, एकटा नॉर्थ जगात कुठे मिळत नाही, आणि परतायला साऊथच ठेवलेला नाही. बाणाचा अर्थ एवढाच असतो की मॅग्नेटच्या आत साऊथकडून नॉर्थकडे, ज्या तोंडातून बाण बाहेर पडतो ते नॉर्थ. तर एक आड एक उलटा पाहिजे. ४५ ला बसलेला ४५, पण १३५ ला बसलेला १३५ अधिक १८० म्हणजे ३१५, मग २२५ ला २२५, आणि शेवटी ३१५ ला बसलेला १३५. लिहून बघितलं की सोपं आहे, पण रात्री साडेअकराला ३१५ ला बसलेल्याला १३५ द्यायचं हे डोक्यात शिरत नाही.

हीच चूक दुसऱ्या दाराने पण होते. वेळ वाचवायला पूर्ण मोटरऐवजी एकच पोल, पाव भाग काढला, तर दोन्ही कडांना अँटी-पिरियॉडिक बाउंड्री द्यावी लागते, कारण शेजारचा पाव भाग उलटा आहे. तिथे चुकून पिरियॉडिक दिली की सॉफ्टवेअर समजतं शेजारचाही असाच, परत चारही नॉर्थ बाहेर. बाणाचा अँगल अगदी बरोबर आणि उत्तर तरी चूक. हे मी नंतर करून पण बघितलं, मुद्दाम. (मुद्दाम म्हणजे पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा मुद्दाम.)

आणि मग मला थीटा सापडला.

फेममध्ये त्या अँगलच्या चौकोनात आकडाच टाकायला पाहिजे असं नाही, फॉर्म्युला चालतो. इंग्रजीत थीटा लिहिलं की मॅग्नेटच्या प्रत्येक बिंदूवर बाण केंद्रापासून सरळ बाहेर. थीटा अधिक १८० लिहिलं की आत. दोन मॅग्नेटला हे, दोनला ते, संपलं, ३१५ चं १३५ करत बसायला नको. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. रन केलं, गॅपमधला फील्ड काढला, काय तो ग्राफ, सपाट माथा, खाली सपाट तळ, टेबलासारखा. रोटर फिरवत फिरवत बॅक ईएमएफ, म्हणजे मोटर फिरताना कॉइलमध्ये तयार होणारा व्होल्टेज, काढलं, तर पुस्तकात असतो तसा ट्रॅपेझॉइड (वरून सपाट, बाजू तिरक्या). आमचा कंट्रोलर पण साधा सिक्स-स्टेपवाला (सहा टप्प्यांत करंट बदलणारा), त्याला नेमका हाच पाहिजे असतो. मी मित्राला म्हणालो, ऑर्डर दे.

त्याने स्टेटरचे पत्रे लेझर कट करून आणले, वाइंडिंग मिरजेच्या एका माणसाकडून करून घेतलं, मॅग्नेट मागवले, शाफ्टवर लोखंडी गोल बसवून त्यावर अराल्डाइटने चिकटवले. तीन आठवडे गेले. मी एका शनिवारी गेलो, लेथच्या चकमध्ये शाफ्ट धरून मोटर फिरवली आणि तीन वायरी डीएसओला (वेव्ह दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला) लावल्या.

स्क्रीनवर ट्रॅपेझॉइड नव्हता. बऱ्यापैकी गोल गोल साइन वेव्ह होती. उंची जवळपास तेवढीच, पण माथा सपाट नाही, दोन्ही खांदे उतरलेले, एखाद्या थकलेल्या माणसासारखे. कंट्रोलर लावून चालवली तर चालली, पण गुणगुण करत होती आणि हाताला कंप लागत होता.

मित्र म्हणाला, "तुझ्या कॉम्प्युटरमधी तर वरनं सपाट हुतं की."

मी म्हणालो, "वाइंडिंगमध्ये काहीतरी लोचा आहे."

नाचता येईना अंगण वाकडं. वाइंडिंगवाल्याला फोन झाला, तो म्हणाला मी चाळीस टर्न मोजून घातलेत, वाटल्यास खोलून मोजा. खोलून मोजले. चाळीस होते. मग कंट्रोलर बदलला. मग मी म्हटलं एअरगॅप एकसारखा नसेल, तर डायल लावून बघितला, तोही ठीक. शेवटी मॅग्नेटवर आलो, आणि तेसुद्धा माझ्या हुशारीने नाही. मित्राने सहज विचारलं की ह्या मॅग्नेटला नॉर्थ-साऊथ बनवतात कसं रे, आणि मला नीट उत्तर देता आलं नाही.

मग वाचलं, आणि वाचता वाचता पोटात गोळा आला. चांगला फेराइट किंवा निओडिमियम मॅग्नेट अँनिसोट्रॉपिक असतो, म्हणजे त्याच्या कणांची एक आवडती दिशा असते आणि ती दिशा पावडर दाबताना ठरते. पावडर साच्यात घालून बाहेरून फील्ड लावतात, कण त्या फील्डच्या दिशेला वळून बसतात, मग दाब देतात, मग भट्टीत भाजतात, फेराइटला १२०० अंशाच्या आसपास. एकदा भाजलं की संपलं, कणांनी मान वळवायची नाही. शेवटी कपॅसिटरमधून हजारो अँपिअरचा एक क्षणाचा झटका देऊन मॅग्नेटाइझ करतात, पण तो झटका त्या आधीच ठरलेल्या दिशेने दिला तरच पूर्ण ताकद मिळते. आणि आता सुट्या आर्कचा साचा डोळ्यासमोर आणा. त्यात फील्ड लावायची सोपी पद्धत कुठली? सरळ, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. म्हणजे त्या आर्कमध्ये सगळे बाण एकमेकांना समांतर, मधल्या बाणाला धरून. केंद्रातून पंख्यासारखे पसरलेले, म्हणजे रेडियल, नाहीत.

म्हणजे माझा थीटा हा माझ्या मनातला मॅग्नेट होता. बाजारातून आलेला मॅग्नेट पॅरलल होता. आमच्या ड्रॉइंगवर मी मापं लिहिली होती, टॉलरन्स लिहिला होता, ग्रेड लिहिली होती, बाण काढलाच नव्हता. सप्लायरला फोन केला.

"काका, तुमचे आर्क रेडियल आहेत का पॅरलल?"

"साहेब, मॅग्नेट एक नंबर आहे. चिकटवून बघा."

"चिकटतोय हो, पण आतली दिशा…"

"आतून बाहेर आहे ना. बाहेर नॉर्थ दोन, बाहेर साऊथ दोन. सेट बरोबर दिलाय."

माणूस वाईट नव्हता, त्याला हा प्रश्न याआधी कुणी विचारलाच नसावा. तो विकत होता ते बरोबरच होतं, मी मागितलं काय हेच मला माहीत नव्हतं.

किती फरक पडतो याचा एक साधा हिशोब आहे आणि तो मला फार आवडला. पॅरलल मॅग्नेटच्या मध्यावर बाण गॅपकडे सरळ जातो. कडेला जाल तसा तो पृष्ठभागाला तिरका होत जातो. माझा आर्क ८० अंशाचा, म्हणजे कडेला ४० अंशाने तिरका, कॉस ४० म्हणजे ०.७७. कडेला जवळजवळ पाव ताकद बाहेरच्या दिशेतून गेली, तेच ते उतरलेले खांदे. आता हीच मोटर १४ पोलची असती, तर एक मॅग्नेट साधारण २२ अंशाचा, कडेला ११ अंश, कॉस ११ म्हणजे ०.९८. दोन टक्के. कोण बघतंय. म्हणून इंटरनेटवर जे लोक सीलिंग फॅनच्या किंवा ड्रोनच्या मोटरांचं मॉडेल करतात ते बिनधास्त थीटा टाकतात आणि त्यांचं उत्तर जुळतं, पोल भरपूर असतात ना. मी त्यांचं बघून ४ पोलच्या मोटरला तेच केलं.

गुणगुण पण ह्यातूनच. सिक्स-स्टेप कंट्रोलर १२० अंश सपाट करंट देतो, समोर सपाट ईएमएफ असेल तर टॉर्क (फिरवायचा जोर) सपाट. समोर साइन असेल तर त्या तुकड्यात टॉर्क कॉस ३० म्हणजे ०.८७ पासून १ पर्यंत जातो आणि परत येतो, एका इलेक्ट्रिकल सायकलमध्ये सहा वेळा. ४ पोलमध्ये एका फेऱ्यात अशा दोन सायकल, म्हणजे बारा झटके. हाताला लागत होते ते हेच. बरं पॅरलल वाईटच असतो असं नाही हां, साइन ड्राइव्ह (साइनसारखा करंट देणारा कंट्रोलर) असेल तर हाच मॅग्नेट गुणाचा, आणि कॉगिंगही (करंट नसतानाही फिरवताना लागणारे अडखळे) बहुधा कमी असतं. फक्त आपण कुठल्याशी लग्न केलंय ते माहीत पाहिजे.

हातातला आर्क खरंच पॅरलल आहे हे तपासायला काय करावं यावर एक रविवार गेला. मॅग्नेटवर ठेवायची ती हिरवी फिल्म मिळते ना, ती घेतली. ती फिल्म जिथे फील्ड आडवं तिथे उजळ आणि जिथे उभं तिथे गडद दिसते, त्यामुळे पोलांची सीमा मस्त कळते, पण नॉर्थ कुठला आणि साऊथ कुठला ते ती सांगत नाही, आणि एका सुट्या आर्कमध्ये बाण समांतर की पसरलेले हेही तिच्यावरून मला काही ठरवता आलं नाही. शेवटी उत्तर फेमनेच दिलं. लोखंड काढून टाकलं, स्टेटर काढून टाकला, नुसता एक आर्क हवेत ठेवला, एकदा थीटा देऊन आणि एकदा सरळ अँगल देऊन, आणि दोन्ही चित्रं शेजारी लावून बघत बसलो की कुठे सगळ्यात जास्त फरक दिसतोय. बाहेरच्या वाकड्या तोंडावर नाही. तो आर्कच्या दोन सरळ कडांवर होता, जिथे शेजारचा मॅग्नेट लागतो त्या बाजूवर. रेडियलमध्ये बाण त्या कडेला समांतर जातात, त्यामुळे कडेच्या मधोमध प्रोब लावला तर फार काही मिळत नाही. पॅरललमध्ये बाण त्या कडेतून आत शिरतात, साइन ४० म्हणजे ०.६४ पट, त्यामुळे बाहेरचं तोंड नॉर्थ असलं तर दोन्ही कडा साऊथ दाखवतात. ओळखीच्या एकाकडून गॉसमीटर (फील्ड मोजायचं यंत्र) आणला, कडेला प्रोब टेकवला. साऊथ. दुसरी कडा. साऊथ. पाच आर्क बघितले, पाचही तसेच. मित्र बाजूला चहा पीत उभा होता, म्हणाला "म्हंजी वाइंडिंगवाल्याला सॉरी म्हण."

म्हटलं सॉरी.

मग फेममध्ये थीटा काढून परत ते ४५, ३१५, २२५, १३५ टाकले, आणि आता वाटलं की डीएसओवरची वेव्ह आणि स्क्रीनवरची वेव्ह जुळणार. जुळली नाही! रोटर शून्य अंशावर असताना सगळं छान, आणि रोटर फिरवत गेलो की वेव्ह अशी काही वेडीवाकडी की विचारू नका. ह्यावेळी चूक माझ्या स्क्रिप्टची. मी पायथनमधून प्रत्येक पायरीला रोटरचे बिंदू फिरवून पूर्ण ड्रॉइंग नव्याने काढत होतो, पण मॅग्नेटचे अँगल मात्र वर एकदा लिहिलेले, तेच ते. म्हणजे रोटर ३० अंश पुढे गेला आणि बाण जिथल्या तिथे. देव्हाऱ्यातला देव फिरवला आणि तोंड मात्र पूर्वेलाच. थीटा होता तोपर्यंत हे कळलंच नव्हतं, कारण थीटा केंद्रापासून मोजतो, मॅग्नेट कुठेही न्या तो बाहेरच बघणार. म्हणजे एका चुकीने दुसरी चूक इतके दिवस झाकून ठेवली होती. अँगलमध्ये रोटरचा अँगल मिळवला, एका ओळीचं काम, आणि दोन्ही वेव्ह एकावर एक बसल्या. त्या रात्री मला झोप छान लागली.

ही "बाण कोणाच्या अक्षांत मोजायचा" भानगड प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळी आहे आणि माझ्या मते खरा घोळ इथेच होतो. मॅक्सवेलमध्ये दिशा मटेरियलच्या आत लिहिलेली असते आणि ती त्या ऑब्जेक्टला जी कोऑर्डिनेट सिस्टम (अक्षांची मांडणी) दिली असेल तिच्यात मोजली जाते, न दिल्यास ग्लोबल, म्हणजे सगळ्या मॉडेलच्या अक्षांत. म्हणून लोक एकाच मॅग्नेटची नॉर्थ आणि साऊथ अशी दोन मटेरियलं बनवतात, किंवा प्रत्येक मॅग्नेटला स्वतःची कोऑर्डिनेट सिस्टम देतात. शिवाय तिथे कोअर्सिव्हिटीचा (मॅग्नेटचा परिणाम शून्य करायला लागणाऱ्या उलट्या फील्डचा) आकडा वजा असतो, त्या एनडीएफई३५ चा उणे ८,९०,००० अँपिअर प्रति मीटर, आणि तो वजा बघून हात शिवशिवतात की बाण उलटा करावा. करू नका, बाण युनिट व्हेक्टरमध्ये (नुसती दिशा सांगणाऱ्या त्या एक्स-वाय-झेड आकड्यांत) आहे, वजा ही नुसती बीएच कर्व्हवरची (मॅग्नेटच्या आलेखावरची) जागा आहे. कॉमसॉल या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये रेमनंट फ्लक्स डेन्सिटी (तोच रेमनन्स) आणि दिशेचा व्हेक्टर वेगवेगळा देता येतो, ते मला जास्त सरळ वाटतं.

आरशाची गोष्ट राहिली. कॅडमध्ये अर्धा रोटर काढून मिरर मारायची सवय असते सगळ्यांना, मला तर आहेच. आकार मिरर होतो, पण मॅग्नेटचा बाण साध्या बाणासारखा मिरर होत नाही, कारण तो मुळात फिरण्याचा बाण आहे, आत छोटे छोटे करंट गोल फिरतायत त्याचा. सायकल आठवा. मोठ्या आरशाच्या बाजूने, आरशाला समांतर सायकल चालवली तर आरशातलं चाक पण त्याच दिशेने फिरताना दिसतं. म्हणजे आक्साचा बाण (चाकाच्या आसावरचा, फिरण्याची दिशा दाखवणारा), जो आरशावर सरळ रोखलेला आहे, तो आहे तसाच राहिला, साधा बाण असता तर उलटला असता. आता सायकल थेट आरशाकडे चालवा, आरशातली सायकल तुमच्या अंगावर येते आणि चाक उलटं फिरतं, म्हणजे आक्साचा बाण, जो आता आरशाला समांतर आहे, तो उलटला. मॅग्नेटचं हुबेहूब तसंच. म्हणून मिरर केलेल्या मॅग्नेटचा बाण कधीही गृहीत धरायचा नाही, आधी फ्लक्सच्या रेषा बघायच्या.

असो, मोटर. ईएमएफ साइनसारखं आहे हे कळल्यावर आम्ही ठरवलं की मॅग्नेट बदलण्यापेक्षा ड्राइव्हच साइनचा करू. त्याला रोटरचा अँगल लागतो, म्हणून एएस५६०० नावाची छोटी सेन्सर चिप घेतली, बारा बिट, एका फेऱ्याचे ४०९६ भाग करते, शाफ्टच्या टोकाला ६ मिमीचा गोल मॅग्नेट चिकटवायचा आणि समोर चिप. डेटाशीट म्हणते चिपपाशी ३० ते ९० मिलिटेस्ला पाहिजे. किती अंतर ठेवायचं ते काढायला मी मॅगपायलिब वापरलं, पायथनची लायब्ररी आहे, मेश (आकाराचे बारीक तुकडे पाडणं) वगैरे काही नाही, फॉर्म्युल्याने फील्ड काढते, अशा सुट्या मॅग्नेटला एकदम झकास. त्यात पोलरायझेशन (मॅग्नेटची ताकद आणि दिशा) म्हणून तीन आकडे द्यायचे, एक्स, वाय, झेड, टेस्लामध्ये, आणि ते त्या मॅग्नेटच्या स्वतःच्या अक्षांत असतात, मॅग्नेट फिरवला की बाण त्याच्यासोबत फिरतो. माझ्या स्क्रिप्टसारखा आगाऊपणा नाही. तिथे एक मजा झाली. माझ्याकडे जुन्या आवृत्तीचा कोड पडलेला होता, त्यात मॅग्नेटायझेशन मिलिटेस्लात आणि मापं मिलिमीटरमध्ये असायची. ५ व्या आवृत्तीत सगळं एसआय युनिटमध्ये गेलंय, पोलरायझेशन टेस्लात, मॅग्नेटायझेशन अँपिअर प्रति मीटरमध्ये, मापं मीटरमध्ये. मी नाव बदलून पोलरायझेशन केलं आणि आकडा १२०० तसाच ठेवला. १२०० टेस्लाचा मॅग्नेट, आणि तोही ६ मीटर व्यासाचा. कुपवाडमधल्या सगळ्या लेथ एका जागी गोळा झाल्या असत्या.

ते निस्तरून पोलरायझेशन एक्स दिशेला दिलं, म्हणजे बाण गोल चकतीच्या व्यासावरून जातो, डायमेट्रिक, ह्या चिपला तोच लागतो. मॉडेलमध्ये अंतर दीड मिमीच्या आसपास चांगलं बसलं. ऑनलाइन मॅग्नेट मागवले, आले, चिकटवला, शाफ्ट फिरवला. अँगल हलत नाही. ढिम्म. मी परत माझी स्क्रिप्ट उघडून बसलो, सवयच लागलेली आता की बाण चुकलाय. अर्धा तास गेला. मग मित्राने दोन चकत्या हातात घेतल्या, एकमेकांवर ठेवल्या, एक फिरवली, ती निवांत कुठेही राहते. डायमेट्रिक असती तर वरची चकती फिरून ठरावीक एकाच जागी येऊन थांबली असती. विक्रेत्याने अ‍ॅक्सियल चकत्या पाठवल्या होत्या, सपाट तोंडावर नॉर्थ आणि खाली साऊथ, त्या कितीही फिरवा चिपला काहीच बदललेलं दिसत नाही. दिसायला दोन्ही हुबेहूब सारख्या, पाकिटावर नुसतं ६ बाय २.५. पहिल्यांदा कॉम्प्युटरमधला बाण बरोबर होता आणि मॅग्नेट चुकीचा होता! मला इतका आनंद झाला की मित्र म्हणाला "पैसे परत मिळणार नाहीत, हसतोस काय."

आता मोटर चालते. गुणगुण गेली, पंपाला जोडून टाकीभर पाणी मारून झालंय, औषधाची टेस्ट अजून बाकी आहे. ड्रॉइंगवर मी आर्कमध्ये पाच समांतर बाण काढलेत आणि खाली मराठीत लिहिलंय "दिशा अशी, पसरलेली नको".

गेल्या रविवारी दुसरा रोटर चिकटवत होतो. मित्राने चार आर्क गोलावर ठेवले आणि म्हणाला हे दोन एकमेकांना ढकलतायत, शेजारी बसेनात. प्रत्येक आर्कच्या एका तोंडावर, बाहेरच्या किंवा आतल्या, सप्लायरचा लाल ठिपका असतो, त्याप्रमाणे ठिपका बाहेर, आत, बाहेर, आत असं लावलेलं. चारही एका लॉटमधले असते तर ठिपका नॉर्थवर का साऊथवर याने काही बिघडलं नसतं, सगळे एकदम उलटे झाले तरी तो तोच रोटर, पाव फेरा फिरवलेला. पण ह्यात तीन नवीन लॉटमधले आणि एक जुन्यातला होता. गॉसमीटर लावला. जुन्या लॉटमध्ये लाल ठिपका नॉर्थवर आहे, नव्यात साऊथवर. मित्राने व्हाइटनरची बाटली आणली आणि सगळ्या आर्कवर स्वतःच्या अक्षरात न आणि स लिहायला बसला.